पाकिटातला पाहुणा

अमेरिकेत तुमचं मूल दुसरी-तिसरीत असेल, किंवा कधीकाळी होतं, तर हा मुलगा बहुधा तुमच्या घरी येऊन गेला असणार. जाड कागदाचा, वीतभर उंचीचा, रंगीत खडूंनी रंगवलेला. हात पसरलेले, चेहऱ्यावर कायमचं हसू. सोबत बाईंची चिठ्ठी असते: हा फ्लॅट स्टॅनली. याला दूरच्या नातेवाइकाकडे किंवा मित्राकडे पोस्टानं पाठवा. त्यांनी त्याला आपलं गाव दाखवावं, फोटो काढावेत, चार ओळी लिहाव्यात आणि अमुक तारखेच्या आत परत पाठवावं. वर्गात जगाचा नकाशा टांगलेला असतो. ज्याचा स्टॅनली जिथून फिरून येईल तिथे एक टाचणी लागते.

मराठी घरात ही चिठ्ठी वाचून झाली की एकच प्रश्न उरतो. पुण्याला पाठवायचा की नाशिकला? म्हणजे, तुझ्या आईकडे की माझ्या? न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडे तो तीन दिवसांत पोचेल आणि आठवड्यात परत येईल, हे सगळ्यांना कळत असतं. पण नकाशावर टाचणी कुठे लागावी याबद्दल आपलं आणि मुलांचंही मत ठाम असतं.

हा कागदी मुलगा आला कुठून, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. त्याची गोष्ट वाटते त्यापेक्षा जुनी आहे.

१९६४ साली न्यू यॉर्कच्या हार्पर अँड रो या प्रकाशनानं 'फ्लॅट स्टॅनली' हे छोटं पुस्तक काढलं. लेखक जेफ ब्राउन. गोष्टीचा जन्म झाला तो झोपायच्या वेळी, मुलांच्या टाळाटाळीतून. भिंतीवरचा मोठा बोर्ड रात्री अंगावर पडला तर काय होईल, असं मुलानं विचारलं. बाप म्हणाला, सकाळी उठशील तेव्हा सपाट झालेला असशील. बस, एवढंच. पुस्तकात स्टॅनली लॅम्बचॉप नावाच्या मुलावर बुलेटिन बोर्ड पडतो आणि तो खरोखरच चपटा होतो. उंची चार फूट, रुंदी एक फूट, जाडी अर्धा इंच. दुखत-खुपत काही नाही. आई-वडील शांतपणे त्याला डॉक्टरकडे नेऊन आणतात आणि संसार पुढे सुरू होतो. स्टॅनली बंद दाराच्या फटीतून आत-बाहेर करतो. फुटपाथच्या जाळीतून खाली पडलेली आईची अंगठी काढून देतो. धाकटा भाऊ आर्थर त्याचा पतंग करून उडवतो. एकदा तो संग्रहालयात चित्र बनून भिंतीवर लटकतो आणि चोर पकडून देतो.

पोस्टाचा भाग या सगळ्यात जेमतेम दोन-तीन पानांचा आहे. स्टॅनलीला कॅलिफोर्नियातल्या मित्रानं सुट्टीत बोलावलेलं असतं. वडील म्हणतात, आगगाडीचं किंवा विमानाचं जाण्या-येण्याचं तिकीट फार महाग. मग ते एक मोठं पाकीट आणतात, त्यात स्टॅनलीला सरकवतात, सोबत पातळ पावाचं सँडविच आणि थोडं दूध देतात, आणि वर भरपूर तिकिटं चिकटवतात. टपाल आणि विमा दोन्हींचे पैसे भरूनही खर्च तिकिटापेक्षा कमी. पोरगा कॅलिफोर्नियाला जाऊन, मजा करून, तशाच पाकिटातून परत येतो.

हे वाचून मुलं खिदळतात. पण ब्राउननं हे लिहिलं त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी याच देशात असं खरंच घडलेलं होतं.

अमेरिकेत पार्सल पोस्ट सुरू झालं १ जानेवारी १९१३ला. त्याआधी खेड्यातल्या माणसाला मोठं सामान पाठवायला खासगी कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागे. आता घरी येणारा पोस्टमन अंडी आणि काय काय नेऊ लागला, तेव्हा लोकांनी नियमावली बारकाईनं वाचली. मुलं पाठवू नयेत असं तिच्यात कुठे म्हटलेलं नव्हतं! त्याच महिन्यात ओहायोतल्या एका जोडप्यानं आपलं तान्हं बाळ मैलभरावर राहणाऱ्या आजीकडे पोस्टमनच्या हाती पाठवलं. टपालखर्च १५ सेंट, विमा ५० डॉलरचा. सगळ्यांत गाजली ती मे पिअरस्टॉर्फ. १९ फेब्रुवारी १९१४ला आयडाहोतल्या ग्रेंजव्हिल गावाहून तिला सुमारे ७३ मैलांवरच्या लुइस्टनला आजीकडे धाडलं. वय सहालाही थोडं कमी, वजन ४८.५ पौंड; तेव्हाची वजनमर्यादा ५० पौंडांची होती. कोटाला ५३ सेंटची तिकिटं लावली आणि आगगाडीच्या टपालाच्या डब्यातून पोरगी निघाली. डब्यात टपाल खात्यात काम करणारा नात्यातला माणूस होता, त्यामुळे ती अगदीच परक्यांच्या हवाली नव्हती. कारण तेच, लॅम्बचॉप कुटुंबाचं: गाडीच्या तिकिटापेक्षा टपाल स्वस्त पडत होतं.

(पोस्टमनच्या खांद्यावरच्या झोळीत बाळ बसलंय, असा एक जुना फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी आला असेल. तो गंमत म्हणून काढलेला फोटो आहे. मे मात्र खरी.)

मेच्या प्रवासानंतर टपाल खात्यानं माणसं पोस्टानं घ्यायची नाहीत असं बजावलं, आणि पुढे काही काळानं हा प्रकार संपला. ब्राउनला मेची गोष्ट माहीत होती असा माझा दावा नाही. पण ज्या देशात आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यात शेकडो मैल पडलेले असतात, तिथे हा विचार पुन्हा पुन्हा सुचणार. आपल्या बाबतीत ते अंतर आठ हजार मैलांचं झालं, एवढाच फरक.

एक गंमत टपाल खात्यातली. अमेरिकी पोस्टाच्या भाषेत मोठ्या पाकिटाला 'फ्लॅट'च म्हणतात. लेटर, फ्लॅट आणि पार्सल असे तीन प्रकार. फ्लॅट पाऊण इंचापेक्षा जाड नको, वाकलं पाहिजे, आणि सगळीकडे सारखंच जाड असलं पाहिजे. नाहीतर पार्सलचा दर. अर्ध्या इंचाचा स्टॅनली जाडीत सहज बसतो. लांबीला मात्र मार खातो, कारण फ्लॅटला १५ इंचांची मर्यादा आहे. ब्राउननं त्याचीही सोय करून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकताना पाकिटाची घडी घालावी लागते, पण मुलगा लवचीक, त्यामुळे काही बिघडत नाही.

पहिल्या आवृत्तीतली चित्रं टोमी उंगररची. आजच्या मुलांच्या हातात नव्या चित्रकारांच्या आवृत्त्या असतात, मला मात्र जुनीच आवडतात. उंगरर १९३१ साली स्ट्रासबुर्गमध्ये, म्हणजे अल्सासमध्ये जन्मला. १९४० साली जर्मनीनं तो प्रांत घेतला आणि शाळेत फ्रेंच बोलायला बंदी आली. १९४५ साली प्रांत पुन्हा फ्रान्सकडे. घर तिथेच, देश मात्र दोनदा बदलला. १९५६ साली तो खिशात साठ डॉलर आणि चित्रांची ट्रंक घेऊन न्यू यॉर्कला उतरला, असं स्वतः सांगत असे. शाळेतल्या कागदी स्टॅनलीचा चेहरा गुळगुळीत असतो. उंगररचा स्टॅनली जरा गंभीर आहे, एका माणसानं पाहिलेला वाटतो.

या पुस्तकातली एक गोष्ट शाळेच्या चिठ्ठीत कधीच नसते. सुरुवातीची मजा ओसरल्यावर मुलं स्टॅनलीला त्याच्या आकारावरून चिडवू लागतात. तो रात्री रडतो. आई सांगते की माणसाचा आकार, धर्म किंवा कातडीचा रंग यावरून त्याच्याबद्दल नावड धरणं चूक आहे. १९६४ म्हणजे अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला ते वर्ष, तेव्हा ते वाक्य सहज आलेलं नव्हे. शेवटी आर्थर सायकलचा पंप आणून भावाला फुगवतो आणि पुन्हा गोल करतो. म्हणजे मूळ गोष्टीत सपाट होणं ही नुसती सोय नाही, त्याची किंमतही आहे. जगभर फिरवायच्या नादात आपण ते अर्धं पुस्तक पाकिटाबाहेर ठेवलं.

जगभर फिरवायची कल्पना लेखकाची नव्हतीच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे. तिथे डेल ह्यूबर्ट हे तिसरीचे शिक्षक होते. १९९५ साली त्यांनी फ्लॅट स्टॅनली प्रकल्प सुरू केला. मुलांनी पुस्तक वाचायचं, आपला कागदी स्टॅनली करायचा, दोन-चार दिवस त्याची रोजनिशी लिहायची आणि मग दोन्ही दुसऱ्या शाळेकडे पाठवायचं. तिथली मुलं रोजनिशी पुढे चालवणार आणि स्टॅनलीला परत धाडणार. यातली खुबी तुम्ही लहानपणी पत्रमित्राला पत्र लिहायला बसला असाल तर लगेच कळेल. 'तुझं नाव काय, माझा आवडता रंग निळा' यापुढे पेन सरकत नाही. दोन अनोळखी मुलांना एकमेकांशी बोलायला काही नसतं. त्यांच्यामध्ये तिसरा, दोघांच्या ओळखीचा मुलगा आणून बसवला की बोलणं त्याच्याबद्दल सुरू होतं. इंटरनेट तेव्हा नुकतं शाळांत शिरत होतं. ह्यूबर्टनी त्याचा वापर वर्ग एकमेकांना शोधून देण्यासाठी केला आणि जाणं-येणं पोस्टावर सोडलं. २००५पर्यंत ४८ देशांतले ६,५००हून अधिक वर्ग यात होते. त्याच वर्षी क्लिंट ईस्टवुड ऑस्करच्या सोहळ्यात स्टॅनलीला बरोबर घेऊन दिसला. १५ जानेवारी २००९ला यूएस एअरवेजचं विमान न्यू यॉर्कच्या हडसन नदीत उतरवलं गेलं आणि सगळे १५५ जण वाचले, ते तुम्हाला आठवत असेल. त्यातल्या एका प्रवाशाच्या ब्रीफकेसमध्येही एक स्टॅनली होता. तोही सुखरूप बाहेर आला.

ब्राउन २००३ साली वारले. तोवर त्यांच्या एका झोपायच्या वेळच्या गप्पेचा एवढा पसारा झाला होता.

कागद किंवा बाहुली माणसाच्या वतीनं पाठवण्याचं काम मुलांनी याआधीही केलं होतं, आणि त्यामागचं कारण तिकिटाच्या पैशांचं नव्हतं. १९२४ साली अमेरिकेनं नवा कायदा करून जपानी लोकांना स्थलांतराचं दार बंद केलं. जपानमध्ये अनेक वर्षं राहून आलेले सिडनी गुलिक हे मिशनरी याच्या विरोधात होते. कायदा बदलणं त्यांच्या हाती नव्हतं, म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या मुलांकडून बाहुल्या गोळा केल्या. १९२७च्या मार्चमधल्या बाहुल्यांच्या सणासाठी १२,०००हून अधिक बाहुल्या जपानला गेल्या. प्रत्येकीजवळ मुलांचं पत्र आणि तिच्या नावाचा पासपोर्ट. उत्तरादाखल जपाननं ५८ मोठ्या, देखण्या बाहुल्या पाठवल्या. पुढे युद्ध आलं. जपानी शाळांतल्या त्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या ठरल्या आणि बहुतेक नष्ट केल्या गेल्या. काही शिक्षकांनी त्या लपवून ठेवल्या. अशा ३००च्या आसपास वाचल्या.

माणसाला बंदी आणि बाहुलीला पासपोर्ट, हे वाचून मला आपलीच आठवण होते. भारतीयांना ते दार १९१७च्या कायद्यानंच बंद झालं होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ साली दार किलकिलं झालं: अख्ख्या भारतासाठी वर्षाला १०० माणसं. ते नीट उघडलं १९६५च्या कायद्यानं, म्हणजे स्टॅनलीचं पुस्तक आल्याच्या पुढच्या वर्षी. आपल्यापैकी बहुतेकांची इथली कहाणी तिथून सुरू होते.

मात्र आधी कागद आणि मग माणूस हा क्रम आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुना आहे. गोपाळराव जोशांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना वाचलं आणि १८८०मध्ये आनंदीबाईंना पत्र घातलं. तीन वर्षं फक्त पत्रं. १८८३च्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा ज्यांच्या घरी जायचं त्या बाई आधीच मावशी झालेल्या होत्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. तिथे आजही दगड आहे. न्यू यॉर्क शहरापासून दीड-दोन तासांची गाडी. गेला नसाल तर जाऊन या.

आता तर फोनवर चेहरा दिसतो, मग कागदाचा मुलगा कशाला, असं तुम्ही म्हणाल. कित्येक पालक म्हणतातच. त्यांच्यातले काही तर स्टॅनलीचा फोटो काढून संगणकावरच ताजमहालापुढे चिकटवतात आणि मुलाला गुण मिळवून देतात. मला ते बघवत नाही. ताजमहाल कसा दिसतो हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असतं. माहीत नसते ती तुमच्या सासूबाईंच्या गल्लीतली पिठाची गिरणी.

आणि दिसणाऱ्या चेहऱ्याचं म्हणाल, तर रविवार सकाळचा फोन आठवा. 'जेवलास का? शाळा काय म्हणते? थंडी आहे का?' एवढं झालं की पलीकडून आजी बघत राहते आणि इकडून मूल पाय हलवत राहतं. प्रेम दोन्हीकडे असतं, विषय नसतो. आजी-आजोबा वर्षानुवर्षं फक्त विचारत राहतात. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं काही आहे, हे नातवंडाला कळायला वाव मिळत नाही. स्टॅनली आला की उलटं होतं. आता विचारतं मूल: काल कुठे नेलंत त्याला? तो घाबरला का? रिक्षात त्याला खिशात ठेवलं की हातात?

माणसांच्या येण्या-जाण्याचा तर भरवसा नाहीच. २०२२च्या अखेरीस मुंबईत पहिल्यांदा व्हिजिटर व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीसाठी दोन वर्षांहून जास्त थांबा असं सांगितलं जात होतं. तेव्हा निदान पाकिटं चालू होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये तीही अडली. अमेरिकेनं छोट्या पार्सलांवरची जकातीची सूट काढली, ती जकात वसूल कोणी आणि कशी करायची याचा गोंधळ झाला, आणि भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेकडचं टपाल थांबवलं. आधी पार्सलं, मग पत्रंसुद्धा. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झालं. मधल्या त्या दीड-दोन महिन्यांत महाराष्ट्रातल्या किती घरांत परतीचं पाकीट टेबलावर पडून राहिलं असेल!

अमेरिकी सैन्याच्या कुटुंबांनी या कागदी मुलाचं जे केलं ते मात्र माझ्या मनातून जात नाही. २००६ साली मेन राज्याच्या नॅशनल गार्डनं इराक-अफगाणिस्तानात गेलेल्या सैनिकांचे कमरेपासून वरचे, माणसाएवढे फोटो छापून त्यांच्या घरी द्यायला सुरुवात केली. नाव 'फ्लॅट डॅडी'. कल्पना स्टॅनलीवरूनच आलेली. मुलं त्या पुठ्ठ्यावरच्या बापाला जेवायच्या टेबलाशी बसवायची, गाडीत पट्टा लावून न्यायची. बाप घरी परत आल्यावर त्या पुठ्ठ्यांचं लोकांनी काय केलं असेल, असा प्रश्न मला पडतो. टाकवत नसणार.

आमच्या घरचा स्टॅनली २०१४ साली साताऱ्याला गेला. मुलगी दुसरीत होती. पोचायला अडीच आठवडे लागले. आईनं पहिल्या दिवशीच त्याचं नाव सपाटराव ठेवलं आणि देवघरासमोर उभं करून फोटो काढला. परत पाठवताना तिला सोबत कंदी पेढे द्यायचे होते. पाकीट जाड होईल, पार्सलचे पैसे पडतील, कस्टमचा फॉर्म भरावा लागेल, असं मी फोनवर तीनदा सांगितलं. शेवटी तिनं पेढ्यांच्या खोक्याचं नुसतं झाकण धाडलं. त्याला वास येत होता. ते वर्गात हातोहात फिरलं, असं कळलं.

रोजनिशी बाबांनी लिहिली होती. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी, दोन्ही त्यांच्या त्या तिरक्या, स्वच्छ अक्षरात. राजवाडा, मंडई, त्यांची जुनी शाळा, गल्लीतलं कुत्रं. मुलीला शाळेत वाचून दाखवायचं होतं म्हणून आम्ही दोघी आदल्या रात्री बसलो. ती इंग्रजी पान वाचत होती, मी मराठी. सातव्या दिवशीच्या नोंदीवर मी थांबले. दासनवमी. सज्जनगड. इंग्रजीत एवढंच होतं की स्टॅनलीनं गड पाहिला. मराठीत आणखी दोन ओळी होत्या: 'मी गाडीतळावर थांबलो. शेजारचा मुलगा स्टॅनलीला घेऊन पायऱ्या चढून गेला. समाधीचं दर्शन छान झालं, असं स्टॅनली सांगतो.'

मला आठवतंय तेव्हापासून बाबा दर दासनवमीला गड चढत होते. मला खांद्यावर घेऊनही चढले होते. गुडघ्यांबद्दल फोनवर ते एका अक्षरानं बोलले नव्हते, आणि आम्ही तर दर रविवारी बोलत होतो.

मी लगेच फोन लावला. तिकडे सकाळ होती. बाबांनीच उचलला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "पोचला का गं तो?"